सीलियाक रोग आणि महाविद्यालयीन विद्यार्थी

सीलियाक रोग हा गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे उद्भवणारा लहान आतड्याचा स्वप्रतिरक्षित विकार आहे. (राय हे थंड प्रदेशातील एक धान्य असून फोडणीच्या राईशी त्याचा संबंध नाही.) या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनच्या सान्निध्यात स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामुळे अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. गव्हाची ॲलर्जी हा निराळा विकार असला, तरी बोलण्यात दोहोंची नेहमी गल्लत होते. सीलियाक रोगावर औषध उपलब्ध नाही. आहारातून ग्लूटेन आयुष्यभर पूर्णपणे वगळणे हाच उपचार आहे. घरी स्वयंपाकघर आपल्या हाती असते, म्हणून हा उपचार पाळता येतो. वसतिगृह, मेस आणि खानावळ यांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला तो पाळणे सर्वांत कठीण जाते.

पार्श्वभूमी

रोगाचे नाव ‘पोटाचा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. इंग्रज वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये त्याचे आधुनिक वर्णन केले, पण त्यामागील कारण पुढे बरीच वर्षे अज्ञात होते. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच गव्हाविषयी संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मीळ झाला, तेव्हाच्या अनुभवाने तो संशय बळावला. १९५० मध्ये त्यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात गहू आणि हा रोग यांचा संबंध मांडला.

एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकीय रूपे असलेल्या व्यक्तींनाच बहुधा हा रोग होतो. मात्र ही रूपे असलेल्या बहुसंख्य लोकांना तो होत नाही. जगात साधारणपणे शंभरांत एका व्यक्तीला हा रोग असतो. भारतात गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडील राज्यांत त्याचे प्रमाण अधिक, तर भातप्रधान दक्षिणेत बरेच कमी आढळते.

निदान

हा केवळ बालपणीचा रोग आहे, ही समजूत चुकीची आहे. तो कोणत्याही वयात प्रकट होऊ शकतो. जुलाब, पोटफुगी आणि वजन घटणे ही त्याची परिचित लक्षणे आहेत. तरुण वयात मात्र अनेकदा केवळ लोहाच्या गोळ्यांनी न सुधारणारा रक्तक्षय, सततचा थकवा, तोंड येणे, खुंटलेली उंची किंवा खाजरे पुरळ एवढेच दिसते. अशा विद्यार्थ्याच्या तक्रारी ‘मेसचे जेवण मानवत नाही’ किंवा ‘परीक्षेचा ताण आहे’ असे म्हणून झटकल्या जातात आणि निदान लांबते.

निदानासाठी प्रथम रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात. त्यानंतर दुर्बिणीद्वारे लहान आतड्याच्या अस्तराचा नमुना घेतला जातो. या दोन्ही तपासण्या होईपर्यंत रुग्णाने गहू खात राहणे आवश्यक असते. मित्रांच्या सल्ल्याने वा एखादी चित्रफीत पाहून विद्यार्थी आधीच पोळी सोडतो. त्याला बरे वाटू लागते, पण नंतरची तपासणी खोटी निर्दोष येते. मग आजार आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्याला पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. ऐन सत्रपरीक्षेच्या काळात ही वेळ येणे फार त्रासदायक ठरते.

मराठी स्वयंपाकातील ग्लूटेन

गव्हाची कणीक ताणली जाते आणि पोळी लाटता येते, ती ग्लूटेनमुळेच. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांत ते नसल्याने भाकरी थापावी लागते. पोळी आणि भाकरी यांतील हा फरक ध्यानात ठेवला, तर पथ्याचा निम्मा भाग समजतो. तांदूळ, पोहे, डाळी, बेसन, वरी, राजगिरा आणि साबुदाणा हे पदार्थ मुळात निर्धोक आहेत. त्यामुळे उपवासाची थाळी या रुग्णांना सहज चालते, हा मराठी घरांना मिळालेला अनपेक्षित लाभच म्हणावा लागेल. उकडीचे मोदक चालतात, परंतु कणकेच्या किंवा रव्याच्या पारीचे तळलेले मोदक चालत नाहीत.

घात होतो तो सहसा न दिसणाऱ्या गव्हामुळे. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात अनेक घरी गहू घालतात. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सोया सॉस, दाट केलेले रस्से व सूप आणि माल्टयुक्त पेये यांतही गहू किंवा जव आढळतो. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो आणि तो नाकारणे अनेकांना अवघड जाते. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून सुचवला जातो, पण तोही गहूच असल्याने या रोगात वर्ज्य आहे.

याहून नकळत होणारा धोका संसर्गाचा असतो. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत त्याचे पीठ उतरते. पोळ्यांच्याच परातीत मळलेली आणि त्याच तव्यावर भाजलेली भाकरीही सुरक्षित राहत नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेल्यास आतड्याला इजा होते, असे नियंत्रित अभ्यासात दिसून आले आहे. एका मध्यम पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडाही अपायकारक ठरू शकतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात दर किलोस २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये.

वसतिगृहातील व्यवस्था

मेसचालकाला ‘गहू चालत नाही’ असे सांगितल्यावर ताटातली पोळी काढून भात वाढला जातो आणि त्याला व्यवस्था झाली असे वाटते. रोगाचे नाव सांगण्यापेक्षा नेमक्या गोष्टी सांगणे अधिक उपयोगी पडते. भात आणि वरण पोळ्यांच्या ओट्यापासून दूर ठेवावे, वाढण्याचा डाव वेगळा असावा, आपल्याला आधी वाढावे, आणि वडे-पापड तळलेल्या तेलात मैद्याचे पदार्थ तळू नयेत, असे स्पष्ट सांगावे. स्वतःचा छोटा कुकर, तवा आणि परात ठेवण्याची परवानगी मिळाली, तर बराच प्रश्न सुटतो. परंतु अनेक वसतिगृहांत खोलीत शेगडी वापरण्यास मनाई असते. अशा वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून प्रवेशाच्या वेळीच लेखी अर्ज करणे श्रेयस्कर ठरते. घरून पाठवलेले वेगळे दळलेले पीठ, भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याच्या वड्या हा प्रवासातील व परीक्षेच्या दिवसांतील भरवशाचा साठा होय.

मित्रमंडळींचा आग्रह हा प्रश्नही लहान नाही. रात्रीचा वडापाव आणि वाढदिवसाचा केक हे खाद्यपदार्थ असतात, तसेच ते गटात सामील होण्याचे मार्गही असतात. ‘एकदा खाल्ल्याने काय होते?’ या प्रश्नाला उत्तर देणे अवघड असते, कारण काही रुग्णांना ग्लूटेन खाऊनही लगेच कोणताच त्रास जाणवत नाही. आतड्याची हानी मात्र होत राहते. पथ्य मोडणारे विद्यार्थी बेफिकीर असतात असे सरसकट मानणे अन्यायाचे आहे. अनेकदा कारण एवढेच असते, की रोज वेगळे ताट मागण्याचा त्यांना कंटाळा आलेला असतो.

कायदा आणि हक्क

भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत सीलियाक रोगाचा समावेश नाही. त्यामुळे वसतिगृहातील सोय बहुतांशी संस्थेच्या सदिच्छेवर अवलंबून राहते. इटलीत २००५ च्या कायद्याने शाळा, रुग्णालये आणि सार्वजनिक संस्थांच्या भोजनगृहांना मागणी केल्यास ग्लूटेनमुक्त जेवण देणे बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेस्ली विद्यापीठात भोजनयोजना सक्तीची होती, पण सीलियाक रोग व अन्न-ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांची त्यात पुरेशी सोय नव्हती. या प्रकरणी डिसेंबर २०१२ मध्ये तेथील न्याय विभाग आणि विद्यापीठ यांच्यात समझोता झाला. विद्यापीठाने ग्लूटेनमुक्त जेवण व ते बनवण्यास स्वतंत्र जागा देण्याचे मान्य केले, तसेच संबंधित विद्यार्थ्यांना ५०,००० डॉलर भरपाई दिली. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या दिव्यांग सेवा कार्यालयाकडे आधीच नोंद केल्यास त्यांना अशा सोयीची मागणी करता येते.

पाठपुरावा

पथ्य काटेकोर पाळल्यास थकवा आणि पोटाचे त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. प्रतिपिंडे उतरण्यास महिने लागतात आणि प्रौढांत आतडे पूर्ववत होण्यास एक-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांची तपासणी ठराविक काळाने केली जाते, कारण स्वप्रतिरक्षित थायरॉईड विकार आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह या रोगासोबत अधिक प्रमाणात आढळतात. रुग्णाचे आई-वडील आणि भावंडे यांना हा रोग असण्याची शक्यता सुमारे दहांत एक असते. म्हणून विद्यार्थ्याचे निदान झाल्यावर घरच्यांनीही, काही त्रास नसला तरी, रक्ततपासणी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो.