चिटणिसाचा हात

मराठीत ज्या शब्दांची विनाकारण अप्रतिष्ठा झाली, त्यांत 'कारकून' हा शब्द बराच वर लागेल. फारसीत त्याचा अर्थ 'काम करणारा' एवढाच. आपण मात्र 'कारकुनी' म्हटले की नाक मुरडतो. गंमत अशी की चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस ही जी आडनावे आपण मोठ्या अदबीने उच्चारतो, ती सारी लेखणीच्या चाकरीतून आलेली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्याचा मराठी तोंडात 'नीस' झाला. नाना फडणिसांसारखा मुत्सद्दी झाला तरी त्याच्या पदाचे नाव हिशेब लिहिणाऱ्याचेच राहिले.

मी स्वतः काही वर्षे एका कचेरीत दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे लिहिण्यात घालविली. मोडी वाचण्याचा नाद पुढे लागला. पण त्या जुन्या कागदांत राजांपेक्षा माझे लक्ष त्यांच्या लेखकांकडेच जास्त गेले, याचे कारण त्या नोकरीत असावे. लढाया कोणी जिंकल्या हे पुष्कळांनी सांगितले आहे. त्या लढायांची पत्रे लिहिणारा मनुष्य तयार कसा होई, हे फारसे कोणी विचारीत नाही.

आरंभ अर्थात अक्षरापासून. पंतोजीच्या शाळेत धूळपाटी, मग मोडी, तोंडी हिशेब, आणि वाचावयास जुन्या पत्रांचे खरडे. समर्थांना हा विषय इतका महत्त्वाचा वाटला की दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी लेखनक्रियेला दिला. तेथे बोलणे मोडीचे नसून बाळबोध अक्षराचे आहे, पण कसब तेच. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, हा त्यांचा आग्रह. आणखी एक सूचना मला फार आवडते. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते कामास येत नाही. मधल्या मापाचे लिहावे. ही सूचना ज्याने खरोखर रात्री दिव्याशी बसून पोथ्या उतरल्या, त्यालाच सुचेल.

शाळा संपली की उमेदवारी. हल्ली उमेदवार म्हटला की निवडणूक डोळ्यांपुढे येते. पूर्वी कचेरीत आशेवर बसून काम शिकणारा तो उमेदवार. थोरल्या कारकुनाने दौत मागितली तर दौत द्यावी, ओल्या शाईवर वाळू टाकावी, नकला कराव्या, रुमाल बांधावे आणि कान उघडे ठेवावे. अक्षर शाळेत येई. माणसे मात्र येथे शिकावी लागत.

माणसांच्या या विद्येचा पहिला धडा म्हणजे मायना. पत्राच्या माथ्यावरची ही ओळ आज आपल्याला पाल्हाळ वाटते. पण 'तीर्थरूप' कोणाला, 'वेदमूर्ती' कोणाला, 'राजमान्य राजश्री' कोणाला, त्याला 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' जोडावयाचे की नाही, शेवटी 'हे विनंती' म्हणावयाचे की नुसते 'जाणिजे', यांतल्या प्रत्येक निवडीत लिहिणाऱ्याने दोन माणसांमधले अंतर मोजलेले असे. एक पायरी खाली लिहिले तर सरदार रुसे. एक पायरी वर लिहिले तर आपल्याच धन्याचा कमीपणा. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर चालणारे 'मेस्तक' याच व्यवहाराचे मार्गदर्शक. त्याच्या कितीतरी आधी कौटिल्याने अर्थशास्त्रात शासनलेखनाचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. ज्याला पत्र जावयाचे त्याचे कुल, स्थान, वय, विद्या, संपत्ती, शील, देश, काल, सोयरसंबंध एवढे सारे ध्यानात घेऊन लिहावे, असे तो सांगतो. आणि अशा लेखकाच्या अंगी अमात्याचे गुण असावेत, अशी अपेक्षा धरतो. लेखक म्हणजे नुसता हात, ही समजूत त्याला ठाऊक नव्हती.

हे सारे सौजन्यच होते असे मात्र कोणी समजू नये. नमस्कार, आशीर्वाद, दंडवत, रामराम यांतला कोणता शब्द कोणी कोणाला लिहावा, यात जातीची उतरंड गोठविलेली होती. 1779 साली मुंबईच्या इंग्रज सरकारने सोनारांना 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची मनाई करणारा ठराव काढला, आणि त्यामागे पुणे दरबाराचा आग्रह होता. एका अभिवादनासाठी दोन सरकारे हालली! मायना लिहिणारा कारकून ही उतरंड दररोज नव्याने कागदावर उमटवीत असे. त्याच्या कौशल्याचे कौतुक करताना हेही विसरून चालणार नाही.

धंद्यात मुरलेल्याला मध्येच नवे शिकावे लागे, तेही तेव्हा नवे नव्हते. राज्याभिषेकानंतर फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश सिद्ध झाला. त्याच्या दहा वर्गांत एक लेखनवर्गच आहे. शक बदलला, पदांची नावे बदलली. ज्यांची बोटे सुहूर सनाच्या 'सलास', 'अर्बा' यांवर वळलेली, त्या कारकुनांनी 1674 नंतर राज्याभिषेक शक लिहावयास घेतला. त्यांच्यापैकी किती जण मनात कुरकुरले असतील!

मग कचेरीतली माणसे. पेशवाईत मामलेदाराच्या हाताखाली जे दरकदार असत, त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्यांची नेमणूक वरून. म्हणजे धन्याचा हुकूम मानावयाचा आणि त्याच वेळी त्याच्या हिशेबावर नजर ठेवावयाची. ही कसरत रोज त्याच बैठकीवर, मांडीला मांडी लावून करावयाची. भांडण झाले तर काम अडे, फार गोडी झाली तर सरकार बुडे. पुण्याच्या हुजूर दफ्तरात तर भरभराटीच्या काळी दोनशेंहून अधिक कारकून होते. तेथल्या रागालोभांची दफ्तरात नोंद नाही, हे आपले दुर्दैव.

या धंद्याचे सारे तेज आणि सारा धोका एकाच घरात पाहावयाचा तर बाळाजी आवजी चिटणिसांचे घर पाहावे. बाप आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीचा कारभारी. सिद्दीने त्याला मारले आणि बायकोमुलांना विकावयास काढले. राजापुरास मामाने त्यांना सोडवून घेतले, असे चिटणिशी परंपरा सांगते. त्या मुलाचे अक्षर शिवाजीमहाराजांच्या नजरेस पडले आणि गुलामीच्या उंबरठ्यावरून तो राज्याच्या गुप्त कागदांपाशी येऊन बसला.

त्याची ती कोऱ्या कागदाची गोष्ट प्रसिद्धच आहे. महाराजांनी एक पत्र लिहावयास सांगितले होते. दिवसभर सवड झाली नाही. रात्री वाचावयास सांगितल्यावर बाळाजीने कोरा कागद समोर धरून पत्र घडघडा वाचले. शेजारी मशालजी उभा होता, त्याला हसू आले आणि बिंग फुटले. मागाहून लिहिलेले पत्र वाचलेल्याशी शब्दशः जुळले, म्हणून महाराज प्रसन्न झाले. लोक ही गोष्ट स्मरणशक्तीचे उदाहरण म्हणून सांगतात. मला ती निराळ्या कारणासाठी मोलाची वाटते. जे वाचले ते त्याने पाठ केलेले नव्हतेच. पाठ करावयास ते लिहिलेले कोठे होते? धनी काय म्हणेल, कोठे थांबेल, कोणावर रागावेल, हे त्याला इतके ठाऊक होते की धन्याची वाक्ये त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडली. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद असो. पण ती रचणाऱ्याला चिटणिशी कशाला म्हणतात ते नक्की कळले होते. मशालजीही मला खराच वाटतो. प्रत्येक कचेरीत एक असतो.

परंतु जो धन्याचे मन इतके जाणतो, त्याचे मन कोणाचे आहे, ही शंका धन्यालाही केव्हातरी येतेच. 1681 साली संभाजीमहाराजांविरुद्धचा कट उघडकीस आला, आणि अण्णाजी दत्तो यांच्याबरोबर बाळाजी आवजी व त्याचा वडील मुलगा यांनाही देहान्त झाला. चिटणीस घराण्याचे म्हणणे असे की कट दुसऱ्यांचा, पत्रातले अक्षर तेवढे या घरचे. उलट पक्षाचे म्हणणे, लिहिणारा तो कटातलाच. निवाडा करण्याजोगा पुरावा माझ्यापाशी नाही. अक्षर एकाचे आणि आशय दुसऱ्याचा, यावरच ज्याची आयुष्यभर भाकरी, त्याला ऐन वेळी 'शब्द माझे नव्हते' एवढेही पटवून देता येऊ नये, हे मात्र मनाला लागते.

धाकटा खंडो बल्लाळ वाचला. येसूबाईंनी रदबदली केली असे सांगतात. त्याच खंडो बल्लाळाने 1683 च्या गोव्याच्या स्वारीत भरतीच्या पाण्यात सापडलेल्या संभाजीमहाराजांना वाचविले, पुढे राजारामांबरोबर जिंजी गाठली, आणि तेथल्या वेढ्यातून राजाराम बाहेर पडावेत म्हणून आपले दाभोळचे वतन शिर्क्यांना लिहून दिले, अशी परंपरा आहे. बापाला मारणाऱ्याच्या पदरी चाकरी करताना त्याच्या मनात काय चालले असेल, याविषयी एक अक्षरही त्याने मागे ठेवलेले नाही. चिटणिसाने तसे ठेवावयाचे नसतेच.

त्याच्या वंशजाने मात्र ठेवले. मल्हार रामराव चिटणीस याने सातारकर छत्रपतींच्या आज्ञेवरून 1810 च्या आसपास बखरी लिहिल्या. बाळाजी आवजीचे राजापूर आणि खंडो बल्लाळाची इमानदारी आपल्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः या घराण्याच्या लेखणीतून. आणि संभाजीमहाराजांचे व्यसनी, क्रूर असे जे चित्र पुढे नाटककारांनी व कादंबरीकारांनी उचलले, तेही पुष्कळसे तेथलेच. 1960 साली वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांना एका छत्रपतीची बाजू एका चिटणिसाच्या कागदाविरुद्ध मांडावी लागली.