हत्ती गेला, नाव राहिले

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात आपण ज्या बेटावर पोहोचतो, त्याचे स्थानिक नाव घारापुरी. 'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांचे, किनाऱ्यावरील एका दगडी हत्तीवरून पडलेले. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात तो भंगला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे जोडून तो मुंबईत, आज आपण जिला राणीची बाग म्हणतो तेथे, उभा करण्यात आला. नावाची खूण बेटावरून गेली. नाव मात्र तेवढे राहिले. पाहुण्यांच्या नजरेचा सारा इतिहास आम्हांला या एका घटनेत दिसतो.

याआधीही असेच घडले होते. लेण्यातील एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला गेल्याची नोंद दियोगो द कोउतो या इतिहासकाराने केली आहे. तो पुढे नाहीसा झाला. म्हणूनच ही लेणी कोणी खोदवली, याचे उत्तर आजही नाणी आणि शिल्पशैली यांवरून अनुमानानेच द्यावे लागते.

बेटावर तीन गावे आहेत : शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तिन्ही नावांत 'बंदर' आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बेटाच्या किनाऱ्यावर रोमन कुंभांचे तुकडेही सापडले आहेत. म्हणजे ही नावे बेटाची जी ओळख सांगतात ती समुद्राची, व्यापाराची आणि राबत्या माणसांची आहे. प्रवासी मात्र पायऱ्या चढतो, त्रिमुखी शिवासमोर नतमस्तक होतो आणि संध्याकाळच्या लाँचने परततो. बाहेरच्यांना रात्री मुक्कामाची मुभा नाही. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा ठरली. गावांत समुद्रतळाच्या केबलमधून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्राचा उजेड, आणि मग अंधार. वारशाचा मान आणि घरातला दिवा यांत एकतीस वर्षांचे अंतर पडले.

शाश्वत पर्यटन हा शब्द अलीकडे सर्रास वापरला जातो. आमच्या मते त्याची कसोटी साधी आहे : पाहुणा परतल्यावर बेटावर काय उरते? केवळ प्लास्टिकच्या बाटल्या, की खारफुटी, भातशेती, मासेमारी आणि आपली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगणारे गावकरी? हत्ती परत आणता येणार नाही, शिलालेखही नाही. बेटाला त्याच्या नावाने हाक मारणे मात्र आपल्या हाती आहे. लाँचमध्ये बसताना 'घारापुरी' म्हणावे. निदान सुरुवात तेथून व्हावी.