चेन्नईच्या परसातील वसंत

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर आठवतो, पळसाचा रंग आठवतो. परसबागेचा धनी मात्र या ऋतूकडे कवीच्या दृष्टीने पाहत नाही. विहिरीत पाणी किती उरले आहे, हीच त्याची विवंचना असते. श्रोतेहो, या विवंचनेचा इतिहास पाहावयाचा तर चेन्नईसारखे दुसरे नगर नाही.

आपला पावसाळा ज्येष्ठात लागतो आणि आश्विनापर्यंत ओसरतो. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे 1400 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत येतो. त्यामुळे माघात आपली जमीन तडकू लागते, तेव्हा तेथील मातीत ओल शिल्लक असते. मात्र पुढचे काही महिने पावसाचा भरवसा नसतो.

1639 साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासला ठाणे घातले. पुढे किल्ल्याबाहेर प्रशस्त आवारांचे बंगले उठले. त्यांत राहणाऱ्या साहेबांच्या मनात पंचांग होते ते विलायतेचे : वसंतारंभी पेरावे, उन्हाळ्यात वाढवावे. मद्रासच्या उन्हापुढे ते चालणे शक्य नव्हते. कोबी, गाजर आणि विलायती फुले यांची पेरणी तेथे ईशान्येच्या पावसाबरोबरच करावी लागते; मग फेब्रुवारी हा बी टाकण्याचा नव्हे, तर फळ पाहण्याचा महिना ठरतो. 1835 साली स्थापन झालेल्या मद्रासच्या कृषी-उद्यान संस्थेने फेब्रुवारीत पुष्पप्रदर्शन भरवण्याचा प्रघात पाडला, त्याचे मर्म या ऋतुचक्रात आहे.

तेथील माळ्याला हे ग्रंथातून शिकावे लागले नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तमिळांचे मासी व पंगुनी हे महिने येतात. या दिवसांची कामे ठरलेली. वांग्याची चांगली फळे बियांसाठी झाडावरच पिकू द्यावयाची. दोडका, भोपळा, काकडी यांचे वेल वेळीच मांडवावर चढवावयाचे. झाडांची आळी नीट करून त्यांत वाळला पाचोळा पसरावयाचा. मोगऱ्याला कळी धरू लागली की त्याचे पाणी चुकवावयाचे नाही. न्हाणीचे सांडपाणी केळीला व कर्दळीला जावयाचे, जसे आपल्याकडे मोरीचे पाणी अळवाला जाते. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबालाही घरचे वेळापत्रक बाजूस ठेवून हेच शिकावे लागते. तरीही एक खूण ओळखीची सापडते : आपण पाडव्याला कडुनिंबाची पाने खातो, तमिळ घरांत एप्रिलमधील नववर्षाला कडुनिंबाच्या फुलांची पचडी होते.

या सगळ्या शहाणपणाचा आधार होता अंगणातील विहीर. वस्ती दाटली, अंगणे फरसबंद झाली, विहिरींच्या जागी खोल विंधणी आल्या. किनाऱ्यालगत गोडे पाणी उपसले तसे खारे पाणी आत शिरू लागले. 2003 साली तमिळनाडू सरकारने छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे सर्व इमारतींना सक्तीचे केले. तरीही 2019 च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले, आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी ज्यांना आठवते, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

नळाचे पाणी पिण्यास अपुरे असेल, तर मोगऱ्याला ते कोणत्या तोंडाने घालावे? म्हणून चेन्नईच्या परसात वसंताचे पहिले काम वसंतात होतच नाही. ते होते आश्विनात, छपराची पन्हळ झाडून आणि मुरवणीचा खड्डा गाळ काढून मोकळा करून. ज्याने ते केले, त्याच्या विहिरीला फाल्गुनात थोडा तरी आधार असतो. ज्याने टाळले, त्याने पाचोळा कितीही पसरला तरी त्याखाली राखावयास ओलच नसते. पंचांग कोणत्याही प्रांतातून आणावे. बागेचे वर्ष मात्र पहिल्या पावसालाच सुरू होते.