राहिले ते दोघे

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोट मुंबईहून चीनकडे निघाली, तेव्हा तिच्यावर काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातले पाच डॉक्टर होते: अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, बसू आणि मुखर्जी. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकवर्गणीचं आवाहन केलं होतं. आपण ही गोष्ट सांगतो ती कोटणिसांच्या मरणाची. मला ती मुक्कामाची वाटते. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले, अटल १९४० मध्ये. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पाहुणा डॉक्टर जखम बांधतो आणि निघतो, मागे उरते ती जखमांची रांग. बसू येनान या कम्युनिस्टांच्या तळावर राहिले. कोटणीस आणखी पुढे, होपे प्रांताच्या डोंगरी मुलखात गेले. तिथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी खेचराच्या पाठीवर पुलासारखा बसणारा लाकडी पेटारा करून घेतला होता. १०० शस्त्रक्रिया आणि ५०० मलमपट्ट्यांचं साहित्य त्यात मावे. पेटारा होता, पण नोव्हेंबर १९३९ मध्ये बोटाच्या जखमेतून विष भिनून बेथून गेले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं कोटणिसांकडे आली. ते चिनी शिकले, विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवू लागले, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेवर लिहू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटात मात्र ते प्लेगशी झुंजतात. शिकवणं पडद्यावर दिसायला फिकं, म्हणून प्लेग आणावा लागला असावा.

कोणी म्हणेल, ही सेवा कसली, हे तर एका सैन्याचं राजकारण. राजकारण होतंच, कोटणीस शेवटी तिथल्या कम्युनिस्ट पक्षातही गेले. पण रुग्णालय खेड्यात होतं, आणि खेड्यातलं रुग्णालय दारात आलेल्या शेतकऱ्याला सैनिक नाही म्हणून परत पाठवत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: सोलापूर जिल्ह्यातल्या गावांना तरी तेव्हा कुठे डॉक्टर होते? याला पुरतं उत्तर नाही. एवढंच, की मुक्काम करणारा रिकाम्या हाताने परतत नाही: बसूंनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतलं आणि १९५९ मध्ये ते कलकत्त्यात आणलं.

तिसरा आक्षेप आजचा: आता माणसं कशाला, यंत्रं पाठवा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडलेलं भाभाट्रॉन हे कर्करोगावरचं किरणोपचार यंत्र भारताने व्हिएतनामच्या कान थो शहरातल्या रुग्णालयाला दिलं. २०१० मध्ये ते तिथे सुरू झालं. मोलाची भेट. पण त्यातल्या कोबाल्ट-६० चा जोर सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो. तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णाला मग दुप्पट वेळ यंत्राखाली ठेवावं लागतं, आणि तो हिशेब तिथल्याच कुणालातरी शिकवून ठेवावा लागतो.