कांदाचाळ
कांदाचाळ : रब्बी (उन्हाळी) कांदा हवेशीर ठेवून साठवणीतील नासाडी कमी करणारी शेतावरील बांधणी.

एप्रिल-मे महिन्यांत निघालेला उन्हाळी कांदा पुढे खरिपाचा माल येईपर्यंत पुरवावा लागतो, आणि मधला पावसाळा दमट असतो. त्यातून चाळीची गरज निर्माण झाली.

चाळीचा तळ जमिनीपासून उंच व फटींचा असतो. भिंती बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या असतात. एकपाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर, तर दुपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम बांधतात. ढीग साधारण ४-५ फुटांपर्यंतच ठेवतात; त्याहून उंच ढिगात तळचा कांदा दबतो व आत ऊब धरते. मात्र टिकाऊपणा चाळीआधीच ठरतो : काढणीपूर्वी पाणी तोडणे, पातीसह शेतात सुकवणे, मान थोडी राखून पात कापणे, सावलीत वाळवणे आणि जोड व डेंगळ्यांचे (फुलदांडा आलेले) कांदे वेगळे काढणे. भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण साठवणीस चांगले आहेत.

वजनातील घट, सड व कोंब यांमुळे साध्या साठवणीत ४-५ महिन्यांत ३०-४०% माल जाऊ शकतो. ही हानी ग्राहकापर्यंत पोचण्याआधीची असल्याने ताटातील नासाडीत मोजली जात नाही (पहा : अन्नाची नासाडी). ग्राहकाकडची नासाडी मोजणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये घरे, दुकाने व खानावळींत १०५ कोटी टन अन्न वाया गेले, तर सुमारे ७८ कोटी लोक भुकेले होते (पहा : भूक). साठा सडला की टंचाईच्या महिन्यांत भाव चढतात आणि भाकरी-कांद्यावर भागवणाऱ्या घरांना त्याची झळ प्रथम बसते.