खंजिरीवरचे बंड : ‘आते हैं नाथ हमारे’ आणि १९४२

१/ २८ ऑगस्ट १९४२. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या इंग्रज सरकारने चंद्रपुरात एका भजनकाराला अटक केली. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते. होती ती केवळ खंजिरी. हे तुकडोजी महाराज. त्या वर्षाच्या उठावाशी त्यांचे एक भजन कायमचे जोडले गेले : ‘आते हैं नाथ हमारे’.

२/ अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले माणिक इंगळे हेच पुढे तुकडोजी. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९३६ साली ते गांधीजींच्या निमंत्रणावरून त्यांच्या आश्रमात राहिले होते.

३/ वऱ्हाडातल्या या संताचे हे भजन हिंदीत आहे. त्यात नवल नाही. नागपूर राजधानी असलेल्या या प्रांतात मराठी आणि हिंदी मुलूख एकत्र नांदत होते, आणि तुकडोजींची रचना दोन्ही भाषांत चालत असे.

४/ भजन थेट राज्यकर्त्यांना उद्देशून आहे. साऱ्या भारताला दुखवून हा धुमाकूळ कशासाठी, असा त्याचा सवाल. त्यामागोमाग इशारा : झाडेझुडपे शस्त्रांचे काम करतील, दगडांचे बॉम्ब होतील आणि भक्तांचीच फौज उभी राहील.

५/ यातला ‘नाथ’ म्हणजे संकटकाळी धावून येणारा देव. भक्तिपरंपरेत ही हाक जुनीच. तुकडोजींनी तिला नवा अर्थ दिला : देव येतो तो निःशस्त्र माणसांच्या हाताला जे लागेल त्यातून. राजकीय सभेवर बंदी घालणे सोपे. देवळातली हाक बंद करणे अवघड.

६/ ९ ऑगस्टच्या पहाटे काँग्रेसचे प्रमुख नेते तुरुंगात गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातील चिमूरला उठाव झाला. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला. संतप्त जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टीही पेटली.

७/ चिमूरला लष्कर आले. स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी उठल्या. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. खटल्यांत अनेकांना फाशी सुनावण्यात आली. त्यांचे प्राण वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी मोहीम चालवली.

८/ मग हे रक्त भजनामुळे सांडले काय? तसे म्हणणे सोपे आहे, पुरेसे नाही. नेत्यांची धरपकड, गोळीबार आणि साचलेला संताप ही कारणे भजनाबाहेरची होती. मात्र गांधीजींचा पाहुणा राहिलेल्या संताने दगडांना बॉम्ब म्हटले, हेही नाकारता येत नाही. रूपक म्हणून गायलेला शब्द जमाव शब्दशः घेऊ शकतो, आणि सरकारही.

९/ नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवून २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची सुटका झाली. खंजिरी थांबली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली ‘ग्रामगीता’ आली. गावातल्या साध्या माणसाच्या बळावरचा विश्वास तोच होता. आता त्याला गाव घडवायचे होते.

१०/ म्हणून हे भजन केवळ वीरश्रीचे गीत म्हणून ऐकू नये. त्यामागे चिमूर-आष्टीची घरे आहेत, दोन्ही बाजूंचे मृत आहेत, आणि ज्यांच्या तक्रारींसाठी एका प्राध्यापकाला अन्न सोडावे लागले त्या स्त्रियाही आहेत.