जुन्या पेटीच्या आतील खुणा

धार, देवास आणि राजगढ भागातील आपल्या अनेक मराठी घरांत आजोबांच्या काळची पेटी आहे. ती कुठली, हे केवळ बाहेरच्या पाटीवरून ठरवू नये; पाटी बदलता येते. खऱ्या खुणा आत असतात.

सुरांची फळी सोडवली की पितळी सुरांच्या ओळी दिसतात. सुरावर बहुधा इंग्रजी अक्षर ठोकलेले असते: ‘सी’ म्हणजे पांढरी एक, ‘ए’ म्हणजे पांढरी सहा. काही पेट्यांत पॅरिसच्या कासरिएलसारख्या कारखान्याचे नाव आढळते. मात्र परदेशी सूर बसवून आपल्याकडील कारागिरांनीही पेट्या बनवल्या. त्यामुळे सुरावरचे नाव सुराचेच समजावे, संपूर्ण पेटीचे नव्हे. फेंडरच्या जुन्या बास गिटारीची मान सोडवली की टोकाशी तारीख सापडते, तीही मानेचीच असते. गिटार जुळवल्याची नव्हे.

स्वर चढवण्यासाठी सुराच्या जिभेचे टोक घासतात, उतरवण्यासाठी मुळाकडचा भाग. त्यासाठी अक्षरे घासावी लागत नाहीत. आमच्या घरची पेटी दुरुस्तीहून सगळे सूर बदलूनच परत आली. ती आजही वाजते, पण कुठली होती हे आता सांगता येत नाही.

म्हणून पेटी दुरुस्तीला देण्यापूर्वी आतील खुणांची छायाचित्रे काढून ठेवावीत. सूर बदललेच, तर जुने सूर मोजून परत घ्यावेत आणि पेटीसोबत जपावेत.